गिटारची कड

अकूस्टिक गिटारची पुढची फळी बहुधा स्प्रूसची असते आणि जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. फळी बगलेला मिळते तिथे लाकडाच्या रेषा कापल्या जाऊन उघड्या पडतात. दमटपणा तिथून लवकर आत शिरतो आणि टेबलाच्या कोपऱ्याचा धक्काही तिथेच बसतो. ही कड झाकणारी पट्टी म्हणजे बाइंडिंग. तिच्या आतल्या अंगाने फळीवर धावणाऱ्या बारीक रेघा म्हणजे पर्फलिंग. नजर जाते ती शोभेकडे, पण बाइंडिंगचे पहिले काम राखणीचे आहे.

पट्टी कोणती, हे अंगाच्या लाकडावरून ठरते. शिसवी अंगाला फिकट मेपल खुलतो, महोगनीला शिसवी शोभते. मात्र गडद अंगावर फिकट पट्टी लावली की केसाएवढी फटही डोळ्यांत भरते. गडद पट्टी ती पोटात घालते. पहिलीच गिटार घडवणाऱ्याने म्हणूनच शिसवीची पट्टी घ्यावी. लहरदार रेषांचा मेपल देखणा खरा, पण वाकवताना पटकन तुटतो. पर्फलिंगमध्ये काळ्या-पांढऱ्या साध्या रेघांपासून शिंपल्याच्या तुकड्यांपर्यंत सारे चालते. मार्टिन कंपनीच्या डी-28 वरची हेरिंगबोन नक्षी जर्मनीहून येत असे. 1947 च्या सुमारास ती बंद झाली आणि 1976 मध्ये एचडी-28 या गिटारवर परतली.

खरी कसोटी पट्टीसाठी कडेला खाच पाडताना लागते. पट्टी साधारण दोन मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर उंच असते. बगलेची जाडीही दोनच्या आसपास. म्हणजे खाच पाडली की तेवढ्या भागातली बगल जवळजवळ संपते आणि पट्टी टेकते ती आतून चिकटवलेल्या अस्तरपट्टीवर. अस्तर कुठे पोकळ चिकटले असेल तर ते या क्षणी उघडे पडते.

शिवाय फळी आणि पाठ सपाट नसतात, त्यांना किंचित घुमट असतो. खाच पाडणारे यंत्र, म्हणजे राउटर, फळीवर सरळ टेकवला तर तो घुमटाबरोबर कलतो आणि खाच तिरकी पडते. म्हणून तो बगलेला समांतर, उभा सरकेल अशा चौकटीत बसवतात. राउटरचे पाते अंगाच्या फुगवट्याच्या सर्वांत रुंद भागाकडून कमरेकडे किंवा टोकाकडे न्यायचे. उलट दिशेने नेले की स्प्रूसची ढलपी निघते. एका दमात पूर्ण खोली गाठण्यापेक्षा दोन-तीन हलक्या फेऱ्या बऱ्या.

लाकडी पट्ट्या ओल्या करून तापलेल्या पाइपवर वाकवतात. गोंद लावण्याआधी त्या कोरड्याच बसवून पाहणे अजिबात टाळू नये, कारण पाण्याच्या गोंदाने पर्फलिंग फुगते आणि घट्ट खाचेत मग शिरत नाही. फुगवट्यावर टेप किंवा दोरी ताणली की पट्टी आपोआप दबते. कमरेत दोरी अधांतरी राहते. तिथे लाकडी ठोकळ्याने दाब द्यावा लागतो. जुन्या-नव्या गिटारींवर फट दिसते ती बहुधा याच जागी.

गोंद वाळल्यावर पट्टी स्क्रेपरने फळीच्या पातळीला आणतात. स्प्रूस मऊ, म्हणून हाताचा भार पट्टीवरच ठेवायचा. शिसवीची पट्टी असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते: तिची जांभळट पूड स्प्रूसच्या रेषांत बसली की निघता निघत नाही. त्यासाठी फळीला आधीच लाखेच्या पॉलिशचा हात देऊन ठेवतात.

कारखान्यांत सेल्युलॉइड आणि प्लास्टिकच्या पट्ट्या पुष्कळ वापरल्या गेल्या. त्या सहज वाकतात आणि पाणीही शोषत नाहीत. पण सेल्युलॉइड लवकर पेट घेते, आणि काही दशकांत आकसून कमरेतून सुटते. हाताने घडवलेल्या गिटारला लाकडी पट्टीच लावावी.