कोठी की पोती? साठवण-साहित्याच्या कर्बभाराचा हिशेब

धान्य साठविण्याचे साधन निवडताना शेतकरी त्याची किंमत, टिकाऊपणा व उंदीर-किडीपासून मिळणारे संरक्षण पाहतो. या विचारास आणखी एका कसोटीची जोड देणे इष्ट आहे. वस्तू तयार होण्यापासून ती निकामी होईपर्यंत जो कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, हवेत सुटतो, तो त्या वस्तूचा कर्बभार होय. हवामान तापण्यास हा वायू मुख्यतः कारणीभूत आहे. आणि त्याची झळ प्रथम शेतीलाच लागते.

खनिजापासून १ किलो पोलाद तयार होताना सुमारे २ ते २.५ किलो कर्बवायू सुटतो. कारण लोहखनिजातील प्राणवायू काढण्यासाठी मुख्यतः दगडी कोळसा वापरला जातो. प्लास्टिकचा आकडाही किलोमागे सुमारे २ किलो भरतो. परंतु किलोशी किलो तोलून निर्णय करणे योग्य नव्हे. तेच काम किती वजनात होते व किती वर्षे चालते, हे पाहिले पाहिजे.

समजा, १० क्विंटल ज्वारी साठवावयाची आहे. पत्र्याची कोठी ४० किलोंची धरल्यास तिचा भार सुमारे १०० किलो होतो. ती २० वर्षे टिकली, तर वर्षाला ५ किलो पडतात. आता १०० ग्रॅमची एक, अशी २० प्लास्टिक पोती घ्या. त्यांचा भार ४ किलो. ती एका हंगामात फाटून बांधावर जाळली, तर आणखी सुमारे ६ किलोंची भर पडून हिशेब १० किलोंवर जातो. अपायकारक धूर होतो तो निराळाच. तीच पोती २ हंगाम वापरून भंगारात दिली, तर वर्षाला २ किलोच पडतात. उलट, ओलसर जमिनीवर ठेवलेली कोठी ५ वर्षांत गंजली, तर वर्षाचा भार २० किलो होतो.

बांबूच्या कणगीचा भार नाममात्र असतो. कारण बांबूने वाढताना हवेतून घेतलेला कर्बच पुढे हवेत परत जातो. मात्र तिला उंदरांपासून जपावे लागते. धान्य नासले की त्यासाठी घातलेले खत, पाणी व मशागतही वाया जाते. नुसत्या १ किलो युरियातून जमिनीत सुमारे ०.७३ किलो कर्बवायू सुटतो.

तेव्हा धान्य चांगले वाळवून साठवावे, कोठी विटांच्या ओट्यावर ठेवावी व पोती कधीही जाळू नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब गावातील कोठ्या व पोती समोर ठेवून शेतकरी बंधूंकडूनच करवून घ्यावा.