सरगीचं बी

दीड हजार अंशांच्या लोखंडासमोर ज्यानं नोकरी काढली, त्याला दीड-दोन अंशांच्या तापमानवाढीचं काय वाटणार? मलाही वाटत नव्हतं. भिलाईत ब्लास्ट फर्नेसवर तिन्ही पाळ्या केल्या, निवृत्त झालो, इथेच राहिलो. नागपूरला भावाकडे जातो तेव्हा आता पाहुणाच असतो.

धाकटी मुलगी वनशास्त्राकडे गेली. एका सुट्टीत तिनं एक शोधनिबंध जेवणाच्या टेबलावर ठेवला. "बाबा, छत्तीसगडचा आकडा बघा." बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राजीव कुमार चतुर्वेदी, एन. एच. रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो 2011 मधला अभ्यास. देशाच्या नकाशाचे चौकोन पाडायचे, शतकाच्या अखेरीस तिथे किती ऊन-पाऊस असेल ते संगणकात भरायचं आणि विचारायचं, की या हवेत कुठल्या जातीचं जंगल मानवेल? कर्बवायू बेसुमार वाढला तर देशातल्या जंगलाच्या 39 टक्के चौकोनांत उत्तर बदलतं. छत्तीसगडात ते प्रमाण 73 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे झाडं उद्या मरतील असं नव्हे. झाड जागेवरच राहील, पण ज्या हवेसाठी ते तिथे आलं होतं ती हवा निघून गेलेली असेल.

त्याच निबंधात आणखी एक आकडा होता आणि तो मला पटेना. जंगलाची वार्षिक वाढ म्हणे 68.8 टक्क्यांनी जास्त होईल, कारण कर्बवायू हे झाडाचं खाद्य. भट्टीवरच्या माणसाला हे कळतं. वारा वाढवला की भट्टी जोरात चालते, पण वरून कोक आणि खनिज त्या मानानं पडलं तर. झाडाला नुसती हवा देऊन काय होणार? पाणी हवं, मातीत नत्र हवं. शिवाय वणवा, कीड आणि कुऱ्हाड या तिन्ही गोष्टी असल्या गणितात नीट बसत नाहीत. मुलगी म्हणाली, "हे त्यांनाही माहीत आहे, बाबा. तुम्ही झाड बघायला चला."

मग जूनच्या सुरुवातीला आम्ही केशकालचा घाट चढून कोंडागावच्या बाजूला गेलो. साल वृक्षाला भिलाईकडे सरई म्हणतात, तिकडे हल्बीत सरगी. हल्बी मराठी माणसाच्या कानाला अर्धीमुर्धी ओळखीची लागते, त्यामुळे मी उगाच सगळ्यांशी बोलत सुटलो. आमच्या विदर्भातला साग उन्हाळ्यात पार उघडा होतो. साल तसा कधी होत नाही, जुनी पानं टाकता टाकताच नवी धरतो. त्या दिवशी वारा सुटला होता आणि पाच पात्यांची बियाणी भिरभिरत खाली येत होती. खाली बायका ती टोपल्यांत गोळा करत होत्या. ढीग करून हलकी आग लावायची, पाती जळतात, बी उरतं. त्याचं तेल निघतं, चॉकलेटातल्या महागड्या कोको बटरच्या जागीही ते चालतं.

मी रुमालभर बी घरी आणलं. भट्टीची सवय, प्रत्येक गोष्टीची नोंद हवी. थोडं आल्याच दिवशी पिशव्यांत पेरलं, थोडं पाचव्या दिवशी, उरलेलं बाराव्या दिवशी. पहिल्या खेपेचं बहुतेक उगवलं. दुसऱ्या खेपेचं मोजकं. तिसऱ्या खेपेचं एकही नाही. यात माझा काही शोध नाही, सालाचं बी आठवडा-दहा दिवसांपलीकडे जिवंत राहत नाही हे वनखात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण माहीत असणं वेगळं आणि त्या रिकाम्या पिशव्यांना रोज पाणी घालणं वेगळं. सागाची गोष्ट उलटी. त्याचं टणक फळ जमिनीत वर्षभरसुद्धा वाट बघत पडतं. साल पावसाच्या तोंडावर बी सोडतो आणि पाऊस वेळेवर येईल यावर सगळी भिस्त ठेवतो. पाऊस पंधरा दिवस लांबला, की त्या वर्षीची पिढी गेली. मोठी झाडं हिरवीगारच दिसतात, त्यामुळे उपग्रहाला यातलं काही दिसत नाही.

मोठ्या झाडाचाही भरवसा नाहीच. सालबोरर नावाचा भुंगा पहिल्या पावसात बाहेर पडतो आणि सालीत अंडी घालतो. धडधाकट झाड अळीला राळेत बुडवून मारतं, पाण्याला तरसलेल्या झाडाकडे तेवढी राळ नसते. 1996 नंतर मंडला-अमरकंटक पट्ट्यात या भुंग्यानं लाखो झाडं संपवली. त्याच्यावरचा उपाय ऐकून मी हसलो होतो. सालाचे ओंडके कापून साल ठेचून ठेवायची, रसाच्या वासानं भुंगे येतात, पिऊन सुस्तावतात, गावकरी ते वेचतात आणि डोकी मोजून पैसे घेतात. खरोखरच डोक्यामागे पैसे.

जंगलाचं व्यवस्थापन म्हणजे झाडं लावणं, असं मीही समजत होतो. पण कुठलं झाड कुठे लावायचं आणि असलेल्या झाडांचं काय होतं, हेही बघावं लागतं. 1970 च्या दशकात बस्तरात जागतिक बँकेच्या मदतीनं साल तोडून कागदासाठी पाइन लावायचं ठरलं होतं. आदिवासींनी ते होऊ दिलं नाही. मला जास्त आवडलं ते निलगिरीतल्या मुदुमलाईचं काम. तिथे आर. सुकुमार यांच्या चमूनं 1988 मध्ये 50 हेक्टर जंगल आखून घेतलं आणि बोटाएवढ्या रोपापासून प्रत्येक झाडाला नंबर दिला. कोण मेलं, कोण नवं आलं, याची दरवर्षी नोंद. भट्टीच्या लॉगबुकासारखं, फक्त पाळी कधी संपत नाही.

माझं एक रोप गच्चीवर टिकलं. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा शेंडा वाळून काडी झाली. ही म्हणाली, "गेलं ते, कुंडी रिकामी करा." मुलीनं फोनवरून सांगितलं, हात लावू नका. जंगलातही सालाची रोपं अशी वरून मरतात, मूळ जिवंत असतं, वर्षानुवर्षं हेच चालतं. जुलैत तांबूस कोंब आला. यंदा मे महिन्यात पुन्हा काडी झाली आहे. कुंडी अजून तिथेच आहे, संध्याकाळी तांब्याभर पाणी घालतो.