कानात अडकलेलं विहिरीचं पाणी

एप्रिल सरत आला की बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या गावांतली पोरं विहिरींच्या काठावर दिसू लागतात. मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चव्वेचाळीसकडे झुकलेला असतो, शाळा सुटलेली असते आणि पाठीला डबा बांधून पोहायला शिकवणारा कुणीतरी काका मोकळाच असतो. मुटके, सूर, तळातली माती वर आणण्याच्या पैजा. मग वर आल्यावर ठरलेला कार्यक्रम: मान एका बाजूला कलती करून एका पायावर उड्या. त्यानेही भागलं नाही तर उन्हात तापलेल्या काळ्या दगडावर कान टेकून पडून राहायचं. कानात गुडगुड वाजतंय, बाहेरचा आवाज लांबून येतोय, आणि पाणी काही निघत नाही.

पाणी एवढं हट्टाने का बसतं? आधी एक भीती काढून टाकू. निरोगी कानातलं पाणी डोक्यात जात नाही. बाहेरून आत जाणारी नळी प्रौढ माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या टोकाला कानाचा पडदा असतो. म्हणजे ही गल्ली बंद आहे, आणि थोडी वळणाचीही आहे. रसवंतीवरची प्लास्टिकची नळी उसाच्या रसात बुडवा, वरच्या तोंडावर बोट दाबा आणि उचला. रस खाली पडत नाही. बोट काढलं की पडतो. कानात ते बोट म्हणजे पडदा. पाणी आणि पडदा यांच्यामध्ये थोडी हवा कोंडलेली असते. पाण्याला खाली यायचं तर त्याची जागा घ्यायला बाहेरून हवा आत जायला हवी, आणि अरुंद नळीत पाण्याचा पृष्ठताण ती वाट देत नाही. एका बाजूने बंद असलेली, तोंड खाली केलेली नळी साधारण एक सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर तिच्यातलं पाणी आपल्या वजनाने सुटत नाही. आपल्या कानाची नळी सातेक मिलिमीटर रुंद. हिशोब सरळ आहे.

म्हणूनच नुसत्या उड्या मारण्यापेक्षा कान खाली करून पाळी वर आणि मागे ओढणं कामाला येतं. नळीचं वळण सरळ होतं, हवेला फट मिळते. लहान मुलांची पाळी मात्र खाली आणि मागे ओढायची, कारण त्यांच्या नळीची ठेवण वेगळी. तळहात कानावर घट्ट दाबून झटकन सोडला तरी आतल्या हवेचा दाब बदलतो आणि पाण्याची पकड सुटते. तापलेल्या दगडाचं श्रेय मला दगडाला फारसं द्यावंसं वाटत नाही. ऊब थोडी मदत करते, पण खरं काम होतं ते कुशीवर दहा मिनिटं गप्प पडून राहिल्याने. उशीवरही तेच होईल, आणि कान भाजणार नाही. आई पदराचं टोक पिळून कानाच्या तोंडाशी लावते, तेही शास्त्राला धरून आहे. कापडाचे धागे पाणी ओढून घेतात. फक्त टोक तोंडाशीच थांबावं.

डोकं जोरात झटकण्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठ आणि व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी काचेच्या नळ्या आणि त्रिमितीय छपाईने बनवलेली कानाची नळी वापरून हा झटका मोजला आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. नळी जितकी अरुंद, तितका झटका मोठा लागतो. तान्ह्या बाळाच्या कानाएवढ्या नळीतून पाणी काढायला गुरुत्वाकर्षणाच्या दहापट त्वरण लागतं, आणि एवढ्या झटक्याने लहानग्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा पोराचं डोकं धरून हलवायचं नाही.

पाण्याशी कानाचं आणखी एक नातं आहे, आणि विहिरीत ते धोक्याचं ठरू शकतं. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धुवायचे तेव्हा रुग्णांना गरगरायचं. थंड पाण्याने डोळे एका दिशेला झटके देत, गरम पाण्याने विरुद्ध दिशेला. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव थंडाव्याने जड होऊन सरकतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. आपलं शरीर 37 अंशांवर, खोल विहिरीचं पाणी त्याहून बरंच गार. एका कानात मळ असेल तर गारवा दोन्हीकडे सारखा पोचत नाही आणि पाण्याखाली वर-खाली कळेनासं होतं. काही क्षणांत ते जातं, पण तेवढ्यात पायरीला हात लागलेला बरा.

मळाचा विषय निघालाच आहे. चार दिवस झाले तरी कानाला दडे बसलेलेच असतील तर ते बहुधा पाणी नसतंच. भिजून फुगलेल्या मळाने नळी बुजलेली असते. इथेच काडेपेटीची काडी, केसांची पिन बाहेर येते आणि खरं नुकसान सुरू होतं. मळ आत ढकलला जातो, नाजूक कातडी खरचटते. कानाची कातडी आणि मळ किंचित आम्लधर्मी असतात. जिवाणू-बुरशीला ते मानवत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं लोणारचं तळं याच्या अगदी उलट टोकाला: सामू (pH) 10 च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. अभयारण्यातल्या त्या तळ्यात पोहण्याचा प्रश्नच नाही, पण अंगाचा साबणही अल्कधर्मीच असतो आणि तो रोज कानात घातला की आम्लाचं कवच धुऊन जातं.

मे महिन्यात कोरड्या हवेत कान लवकर वाळतो. श्रावणात तीच विहीर काठोकाठ भरते, हवा दमट असते, आणि ओला कान ओलाच राहतो. खाज, मग ठणका. कानाच्या तोंडापुढचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ आली तर बाहेरच्या नळीला संसर्ग झाला असं समजावं. त्यावर कोमट तेल ओतायची आपली सवय बुरशीच्या पथ्यावर पडते. मद्यार्क किंवा आम्ल असलेले थेंब पृष्ठताण कमी करतात आणि नळी वाळवतात, पण ते डॉक्टरांनी कान पाहून दिले तरच.

कारण पडद्याला भोक असेल तर सगळा हिशोब बदलतो. ज्याचा कान वाहतो, त्याच्या कानात गेलेलं पाणी खरोखरच आत मध्यकर्णापर्यंत पोचतं. अशा पोराने आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात घालावा. विहिरीतल्या उडीपुढे तो बोळा टिकत नाही.