काचपेटीचे झाकण

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘बंध’ हा पहिला होय. म्हणूनच अनेक जैन कुटुंबे घरी मासे पाळीत नाहीत, आणि हा विचार योग्यच आहे. तरीही वास्तुशांतीची भेट म्हणून किंवा मुलांच्या हट्टापायी काचपेटी घरात येतेच. एकदा आलेले मासे नदीत वा तलावात सोडणे हाही मार्ग नव्हे. परदेशी मासे तेथील मूळ जलचरांना घातक ठरू शकतात. मग उरते ती त्यांच्या रक्षणाची जबाबदारी. आणि तीत सर्वाधिक उपेक्षित वस्तू म्हणजे पेटीचे झाकण.

अंधारात अचानक दिवा लागला, दुसरा मासा पाठीस लागला किंवा पाणी बिघडले की मासा उसळी घेतो. डॅनिओ, गुरामी, फायटर हे लहान मासेही त्याला अपवाद नाहीत. दुकानात शुभ म्हणून ठेवला जाणारा रुपेरी अरोवाना तर दक्षिण अमेरिकेतील आपल्या मूळ नद्यांत पाण्याबाहेर झेपावून फांदीवरील कीटक टिपतो. त्याच्यासाठी नुसते ठेवलेले हलके झाकण पुरत नाही. ते पक्के अडकवावे लागते. झाकणाने आणखी एक जीवरक्षण साधते, ते सहसा ध्यानी येत नाही. पेटीवरील दिव्याकडे रात्री पाकोळ्या व चिलटे ओढली जातात आणि उघड्या पाण्यात पडून मरतात.

घरगुती पेटीस काचेचे झाकण सर्वांत चांगले. मात्र दोन फूट बाय एक फूट मापाची ५ मिमी जाडीची काच सुमारे सव्वादोन किलो भरते. ती मुलांच्या हाती देण्याजोगी नव्हे. म्हणून झाकण दोन भागांत करावे. मागचा भाग स्थिर, पुढचा खाद्य घालण्यापुरता उचलता येणारा. कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात. वायर व नळीसाठी मागच्या कोपऱ्यात लहानशी खाच ठेवावी. टफन्ड काच घ्यायची असल्यास खाच आधीच सांगावी, कारण ती काच नंतर कापता येत नाही. अॅक्रिलिक हलके असते व सहज फुटत नाही. पण खालून ओलावा आणि वरून कोरडी हवा यांमुळे काही काळाने त्याला बाक येतो आणि कडेला फट पडते. कडक उन्हाळ्याच्या गावी चौकटीत ताणलेली बारीक नायलॉन जाळी उपयोगी पडते. पाणी थोडे गार राहते, भर मात्र वरचेवर घालावी लागते. तांब्या-पितळेची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये. त्या धातूंचा अंश पाण्यात उतरतो.

पेटी काठोकाठ भरू नये. फायटर व गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. पाणी आणि झाकण यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर असावे.

एका बाबतीत मात्र झाकण असहाय आहे. डासांच्या अगरबत्तीतील व लिक्विडमधील द्रव्ये माशांना विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतील तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. ही साधने पेटीच्या खोलीत लावूच नयेत. घरात कीटकनाशकाची फवारणी टाळता येत नसेल, तर तेवढा वेळ पंप बंद ठेवावा, झाकणावर प्लास्टिकचा कागद पसरावा आणि खिडक्या उघडून खोली पुरती मोकळी झाल्यावरच पंप सुरू करावा.