गृहपाठ पोराचा, लिहितो दादा! तिसरीच्या वर्गात आठवडाभर काय चालतं, पालकांनी हे समजून घ्या

रात्रीचे नऊ वाजलेले. दिवसभर कापूस वेचून आई दमलेली. तिसरीतलं पोरगं वहीवर डुलक्या घेतंय. मग मोठा भाऊ वही ओढतो आणि पाच मिनिटांत सगळ्या वजाबाक्या उरकून टाकतो. दुसऱ्या दिवशी वहीवर बरोबरच्या खुणा येतात. घरचे खूश! पण नुकसान झालं ते इथंच. कसं, ते समजायला वर्गातला आठवडा कसा चालतो ते बघावं लागेल.

एक गुरुजी, दोन वर्ग

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे वाडी-वस्तीवरच्या बऱ्याच शाळांत एकाच गुरुजींकडे किंवा बाईंकडे दोन-दोन वर्ग असतात. चौथीला शिकवणं चालू असतं तेव्हा तिसरीची मुलं आपापलं काम करत बसतात. प्रत्येकाच्या शेजारी बसून बघायला वेळ पुरत नाही. कोण कुठं अडलंय हे शिक्षकांना कळतं ते मुख्यतः वहीतून.

सोमवार ते शनिवार

समजा, या आठवड्यात वजाबाकी आहे, ५२ वजा २७. सोमवारी काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे घेऊन शिकवतात. दोन सुट्या काड्यांतून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता सुट्या काड्या झाल्या १२. त्यातून ७ गेल्या, राहिल्या ५. उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन गेले, राहिले दोन. उत्तर २५.

मंगळवारी तेच काड्यांशिवाय, पाटीवर आणि वहीत. घरी चार-पाच उदाहरणं दिली जातात. बुधवारी वह्या तपासल्या की चूक दिसते. बरीच पोरं २ मधून ७ जात नाही म्हणून उलटं ७ मधून २ काढतात आणि उत्तर ३५ लिहितात. ही चूक दिसली की शिक्षक त्या पोरांना वेगळं बसवून परत गठ्ठा सोडायला लावतात. गुरुवारी-शुक्रवारी शाब्दिक उदाहरणं. शनिवारी शाळा सकाळची, त्या दिवशी खेळ, गाणी, कृती जास्त.

आता भावानं वहीत २५ लिहून दिलं तर गुरुजींना काय दिसणार? पोराला येतंय असंच. ते पुढं जातात आणि पोरगं मागं राहतं. म्हणून दुसऱ्याच्या हातच्या बरोबर उत्तरापेक्षा पोराच्या हातचं चुकीचं उत्तर जास्त कामाचं.

बाजाराच्या दिवशी किंवा वेचणीला नेण्यासाठी पोराला घरी ठेवलं तरी असंच होतं. सोमवारचा गठ्ठा हुकला की पुढचे चार दिवस फळ्यावरचं नुसतं उतरवून घेणं होतं.

गृहपाठ किती असावा?

केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात याचं माप दिलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहा दिवसांत वाटले तर रोज वीस मिनिटं. तेव्हा पानंच्या पानं लिहिली म्हणजे अभ्यास झाला, असं काही नाही.

आई-बापाला वाचता येत नसेल तर?

तरीही खूप काही करता येतं.

– जेवणाआधी वीस मिनिटं ठरवून द्या. झोपेला आलेल्या पोराकडून अभ्यास होत नाही. तेवढा वेळ टीव्ही बंद, मोबाईल बाजूला.

– "आज काय शिकवलं, मला सांग," असं विचारा. ज्याला समजलं, त्याला सांगता येतं.

– हिशोब घरातलाच द्या. ५० ची नोट दिली, ३२ चं सामान आणलं, तर परत किती?

– उत्तर चुकलं तर खोडू नका, मारू नका. तसंच वहीत राहू द्या.

– पुस्तकातला न पाहिलेला धडा एक मिनिट वाचायला लावा. २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, असं ध्येय आहे. शब्द मोजायला मोठ्या भावाला बसवा. त्याचं खरं काम हे!

पोरगं फारच मागं पडत असेल तर वर्ष संपायची वाट बघू नका. शाळा सुटताना शिक्षकांना भेटा आणि नेमकं कुठं अडतंय ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथंही हा विषय मांडता येतो.

आज रात्री वही उघडून एवढंच बघा, अक्षर कुणाचं आहे?