सव्वा महिन्याच्या आंत

दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलें अर्भक रुग्णालयांतून घरीं आलें, म्हणजे संकट टळलें असें घरच्या मंडळींस वाटतें. परंतु एक संकट याच सुमारास डोळ्यांत मूळ धरूं लागतें.

डोळ्याच्या आंतल्या पडद्यावरील रक्तवाहिन्या गर्भाशयांत नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. मूल आधीं जन्मल्यास ही वाढ अपुरी राहते; मागाहून विकृत वाहिन्या उगवतात आणि त्यांच्या ओढीनें पडदा सुटूं शकतो. बाहेरून डोळा निर्मळच दिसतो. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या, किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकाची पहिली नेत्रतपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आंत व्हावी, असा भारतांत दंडक आहे. २८ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्याची तर दोन-तीन आठवड्यांतच. वाहिन्यांची वाढ पुरी होईपर्यंत ती पुनःपुन्हां करावी लागते. वेळीं लेसर-उपचार झाल्यास दृष्टि बहुधा वांचते. पडदा सुटल्यावर ती परत मिळणें दुर्घट.

सव्वा महिना बाळंतिणीनें व बाळानें उंबरठा ओलांडूं नये, ही रूढि येथें घातक ठरते. घरीं निघण्यापूर्वींच तपासणीची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. त्या दिवशीं बाळास नीट गुंडाळून, उबेंत न्यावें. पण नेलेंच पाहिजे.