कॉफी भाजताना मन कुठे असतं?

रावेरला घरोघरी शेंगदाणे भाजतात, तशा आम्ही चिखलदऱ्याच्या कॉफीच्या हिरव्या बिया लोखंडी कढईत भाजतो. आधी गवतासारखा वास येतो. बिया पिवळ्या पडल्या की भाजल्या भाकरीचा. पुढे साधारण २०० अंशांना आतल्या वाफेनं बी तडकते. वास, रंग, आवाज सगळं एकदमच मिळतंय, असं आपल्याला वाटतं. न्यायदर्शन म्हणतं, नाही! मन अणू आहे. एका क्षणी ते एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, फक्त फिरतं फार भराभर. एकदा आम्ही तडतड ऐकण्यातच रमलो, रंग बघायचा राहिला, अन् बियांचा कोळसा झाला. तेव्हा हात ढवळता ठेवा, आणि मनही.